जमीन की फ्लॅट? एका वर्गमैत्रिणीचा हिशोब

(दहावी 1995च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, मे 2025 मध्ये केलेलं भाषण)



या व्यासपीठावर मी याआधी एकदाच उभी राहिले होते, आठवीत असताना, 15 ऑगस्टला. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ एवढं म्हटलं आणि पुढचं सगळं विसरले. बाईंनी खालून ओठ हलवून सांगायचा प्रयत्न केला, पण मला ते दिसलं नाही, कारण डोळ्यांत पाणी होतं. म्हणून आज कागद घेऊन आले आहे. बाई पहिल्या रांगेत आहेत, पण आज त्यांना त्रास देणार नाही.

संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, “मनोगत वगैरे नको. ग्रुपवर जे भांडण चाललंय त्याच्यावर बोल. तू दोन्ही घेऊन बसली आहेस.” सर-बाईंना भांडण माहीत नाही म्हणून थोडक्यात सांगते. गेल्या डिसेंबरपासून आपल्या वीस जणांच्या डोक्यात एक योजना आहे. गावाबाहेर, नऊ किलोमीटरवर, दोन एकर जमीन एकत्र घ्यायची. वीस जणांत दोन एकर म्हणजे प्रत्येकी चार गुंठे. दीड लाख रुपये गुंठा, म्हणजे माणशी सहा लाख. निवृत्तीनंतर तिथे छोटी छोटी घरं बांधून एकत्र राहायचं, सकाळी फिरायला जायचं, संध्याकाळी कट्ट्यावर बसायचं. दुसरा गट म्हणतो, हे सगळं स्वप्नरंजन आहे, सहा लाख घाला आणि पुण्यात फ्लॅट बुक करा, भाडं येईल. या वादात आतापर्यंत दोघांनी ग्रुप सोडला आहे आणि एकाला परत घेतलं आहे.

मी काही जमिनीची जाणकार नाही. 2001 साली इंजिनिअर झाले, तेव्हापासून कॉम्प्युटरसमोर बसते. पण एक फ्लॅट आणि एक जमीन, दोन्ही माझ्या पगारातून घेतलेलं आहे आणि दोन्हीचा हिशोब मी वहीत लिहिलेला आहे. तो आज पहिल्यांदा घराबाहेर उघडते आहे. माझ्या नवऱ्यानेही तो आत्ताच ऐकायचा आहे.

आधी फ्लॅट. 2009 साली पुण्यात, वाकडच्या बाजूला घेतला. किंमत 28 लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, पार्किंग, ग्रिल, पंखे, ओटा असं करत 32 लाखांवर गेलं. पहिली काही वर्षं आम्ही राहिलो, नंतर भाड्याने दिला. आज त्याला 75 लाख येतील असं एजंट सांगतो. ऐकायला छान वाटतं. पण 16 वर्षांत 32चे 75 म्हणजे वर्षाला साधारण साडेपाच टक्के चक्रवाढ. आता भाडं. आज 24 हजार येतं, म्हणजे वर्षाचे दोन लाख 88 हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स 42 हजार, मिळकत कर 12 हजार, भाडेकरू बदलताना सरासरी एक महिना रिकामा म्हणजे 24 हजार, रंग-नळ-गिझर यांचे 20 हजार वजा करा. हातात राहतात एक लाख 90 हजार. 75 लाखांवर हे अडीच टक्के झाले. दोन्ही मिळून साधारण आठ. आणि कर्ज आम्ही साडेनऊ टक्क्यांनी घेतलं होतं! म्हणजे कर्जाच्या वर्षांत फ्लॅटने आम्हाला नाही, आम्ही फ्लॅटला पोसलं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला मला दहा वर्षं लागली. आपण ‘फ्लॅटचा भाव वाढला’ म्हणतो, तेव्हा नक्की काय वाढतं? सिमेंट वाढत नाही. इमारत ताबा मिळाल्या दिवसापासून जुनी व्हायला लागते. आधी गच्ची गळते, मग लिफ्ट, मग ड्रेनेजचे पाइप. आयकराच्या नियमांनाही हे कळतं. धंद्यातल्या इमारतीवर दरवर्षी घसारा मिळतो, बहुतेक इमारतींवर 10 टक्के. जमिनीवर घसारा शून्य, कारण जमीन झिजत नाही. म्हणजे फ्लॅटमध्ये दोन वस्तू एकत्र बांधलेल्या असतात, एक दरवर्षी उतरणारी आणि एक चढणारी. आमच्या सोसायटीचा प्लॉट 20 हजार चौरस फुटांचा आणि फ्लॅट 40. म्हणजे माझ्या वाट्याला 500 चौरस फूट जमीन. एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद, 1,089 चौरस फूट. माझ्या 75 लाखांखाली अर्धा गुंठासुद्धा जमीन नाही.

तीही माझी होती का? नव्हती. मी सोसायटीची सेक्रेटरी झाले तेव्हा कागद काढले, तर जमीन अजून बिल्डरच्याच नावावर. सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते. आमच्याकडे सात वर्षं झाली होती. आम्ही 40 कुटुंबं जमीन नसलेल्या इमारतीत राहत होतो. उद्या पुनर्विकास करायचा म्हटलं, तर ज्या जमिनीच्या जोरावर तो होणार ती आमची नाही! बिल्डर सही देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळवता येतं, ही सोय 2008 पासून कायद्यात आहे. आम्ही ती वापरली. दीड वर्ष हेलपाटे घातले, पण झालं. तुमच्यापैकी जे शहरात फ्लॅटमध्ये राहतात, त्यांनी आज घरी गेल्यावर एवढंच विचारावं: “आपल्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का?” निम्म्या लोकांना उत्तर माहीत नसेल.

आता जमीन. ही गोष्ट सांगायला मला जरा जड जातं.

2012 साली ऑफिसातले आम्ही पाच जण, सगळे शेतकऱ्यांच्या घरातले, एकत्र आलो. पुण्यापासून दीड तासावर एक एकर घेतलं. एक लाख रुपये गुंठा, 40 गुंठे, माणशी आठ लाख. एजंटने रंगीत नकाशा दाखवला होता. त्यात पाच चौकोन, मध्ये रस्ता, कडेने झाडं. तो म्हणाला, “मॅडम, दोन वर्षांत एनए होतंय सगळं.” आम्ही पाचही जण इंजिनिअर. रोज दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढणारे. पण त्या नकाशावर कोणाचीच सही नाही, हे एकालाही दिसलं नाही.

डांबरी रस्ता आणि आमची जमीन यांच्यामध्ये दुसऱ्याचा गट होता. विकणाऱ्याने सांगितलं, “वीस फुटांचा रस्ता आहे, आम्ही कायम त्यातूनच जातो.” तो खरंच जात होता. पण ते खरेदीखतात लिहिलेलं नव्हतं आणि सातबाऱ्यावरही नव्हतं. 2014 साली त्या मधल्या गटाला नवा मालक आला आणि त्याने तारेचं कुंपण घातलं. झालं! आमची एक एकर जमीन होती, आणि तिच्यात जायला वाट नव्हती.

तहसीलदारांकडे अर्ज केला. बांधावरून रस्ता मागण्याची तरतूद महसूल कायद्याच्या कलम 143 मध्ये आहे, अडवलेली वाट मोकळी करून मागण्यासाठी 1906चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. कायदे आहेत, पण तारखाही आहेत. पाच वर्षं गेली. शेवटी 2019 साली त्या माणसाशी बसून बोललो, पाच लाख रुपये दिले आणि वहिवाटीचा हक्क नोंदणी करून लिहून घेतला. आमच्या पाच जणांतले दोघं तोपर्यंत एकमेकांशी बोलायचे थांबले होते. एक म्हणत होता पैसे द्या, दुसरा म्हणत होता कोर्टात जाऊ. ते आजही बोलत नाहीत. 2012 पर्यंत दोघं एका डब्यात जेवत होते.

आज तिथे तीन लाख रुपये गुंठा भाव आहे असं म्हणतात. म्हणजे माझ्या आठ गुंठ्यांचे 24 लाख. आठ लाख, वर वाट, मोजणी, कुंपण, वकील यांचे दोन, म्हणजे दहा लाखांचे 13 वर्षांत 24. वर्षाला साधारण सात टक्के. भाडं शून्य. पण खरी गोष्ट त्या ‘म्हणतात’ या शब्दात आहे.

2021 साली आई आजारी पडली. मला तातडीने सहा लाख लागणार होते. मी जमीन विकायला काढली. सातबारा पाच जणांचा एकत्र, माझा वाटा कागदावर वेगळा नाही. मोजून दाखवता येईल असा तुकडा नाही. एक गिऱ्हाईक आलं, त्याने पाहिलं, म्हणाला, “बाकीचे चौघं सही करतील का?” एक जण अमेरिकेत, दोघं बोलत नाहीत. तो परत आला नाही. तीन लाखांचा भाव सांगणारं सगळं गाव होतं, पण दीड लाखाला घेणाराही एक माणूस मिळाला नाही. शेवटी फ्लॅटवरच्या जुन्या गृहकर्जात बँकेने वाढ करून दिली. आठ दिवसांत पैसे खात्यात. ज्या फ्लॅटला मी ‘साडेपाच टक्के’ म्हणून नाव ठेवत होते, त्याच्याच पैशांवर आईचं ऑपरेशन झालं. आई आज मागे बसली आहे, तुम्ही सगळे तिला भेटलात.

तेव्हा माझ्या वहीतलं तात्पर्य असं आहे. जमीन चढते, इमारत झिजते, हे खरं. पण जमीन मधल्या वर्षांत काही देत नाही, उलट राखण मागते. कुंपण, मोजणी, दर दोन-तीन महिन्यांनी फेरी. दुसऱ्याने कब्जा केला आणि आपण 12 वर्षं हूं की चूं केलं नाही, तर आपला दावा मुदतीच्या कायद्यात अडकू शकतो. इमारत दर महिन्याला थोडं देते, बँकही तिच्यावर चटकन कर्ज देते, पण तिचं आयुष्य मोजकं आणि खालची जमीन इवलीशी. म्हणून ‘कशात जास्त मिळेल’ याआधी ‘हे पैसे मला कधी लागतील’ आणि ‘तिकडे चक्कर कोण मारणार’ हे दोन प्रश्न विचारावेत. 15 वर्षं लागणार नाहीत असेच पैसे जमिनीत घालावेत, आणि जिथे आपलं कोणीतरी रोज झोपतं अशा गावाजवळच. पहिलं राहतं घर मात्र या हिशोबात धरूच नये. ते गुंतवणूक नाही, ते घर आहे.

‘प्रकल्प येतोय’ या आशेवर तर मुळीच घेऊ नका. पुरंदरच्या विमानतळाची घोषणा 2016 साली झाली. नऊ वर्षांनी, 2025 मध्येही, भूसंपादनाचाच वाद चालू होता. ज्यांनी कर्ज काढून आजूबाजूला गुंठे घेतले, त्यांचे हप्ते विमानाची वाट बघत थांबलेले नाहीत.

आता आपली योजना. मित्रांनो, रागावू नका. मला ती मनापासून आवडली आहे. पण आज आहे त्या रूपात ती कायद्यात बसतच नाही.

एक. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. 1948च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम 63. आपल्या वीस जणांत पोस्टमास्तरांचा मुलगा आहे, कंपाउंडरची मुलगी आहे, सरांचा स्वतःचा मुलगा आहे. कमीत कमी सहा जणांचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही. त्यांना वगळून घेणार? मग ती आपली योजना कशी?

दोन. माणशी चार गुंठे. तुकडेबंदीच्या नियमाप्रमाणे 2023 मध्ये किमान क्षेत्र बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे ठरलं. चार गुंठ्यांचा वेगळा सातबारा होणार नाही. म्हणजे वीस नावांचा एक सातबारा. मी पाच नावांचा सांभाळते आहे आणि मला रात्री झोप लागत नाही. वीस नावं म्हणजे पुढच्या पिढीत साठ वारस. आपली मुलं एकमेकांना ओळखत नाहीत आणि त्यांना एका कागदावर बांधून आपण जाणार.

तीन. शेतजमिनीवर घर बांधायचं तर आधी तो भाग कुठल्या झोनमध्ये आहे ते पाहावं लागतं, मग रीतसर परवानगी. एजंटच्या ‘होतंय’वर नाही.

मग काय करायचं? मला वाटतं, मंजूर रेखांकनातले एनए प्लॉट शोधावेत. ते घ्यायला शेतकरी असण्याची अट नाही. रस्ता मंजूर नकाशात असतो. प्रकल्प 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर प्लॉटच्या योजनेलाही महारेराची नोंदणी लागते. भाव जास्त पडेल, चार गुंठ्यांऐवजी दोनच परवडतील. पण प्लॉट शेजारी शेजारी आणि कागद प्रत्येकाच्या नावाचा वेगळा. कट्टा एकत्र बांधू. ज्याला उद्या विकायचं असेल त्याने विकावं, आणि तरी त्याने संध्याकाळी कट्ट्यावर यावं.

काहीही घेतलंत तरी एवढं करा. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो, तो स्वतः काढा, एजंटने दिलेली झेरॉक्स नको. त्यातला ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा, बोजा, कूळ, वाद सगळं तिथे असतं. भोगवटादार वर्ग 1 आहे की 2 ते पाहा. वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. जुने फेरफार वाचा. वकिलाकडून 30 वर्षांचा शोध अहवाल घ्या, म्हणजे आपल्याला शाळा सोडून झाली तेवढी वर्षं मागे. पैसे देण्याआधी सरकारी मोजणी. आणि रस्ता, रस्ता, रस्ता, खरेदीखतात लिहिलेला.

शेवटी एक गोष्ट फक्त मैत्रिणींसाठी, बाकीच्यांनी ऐकली तरी चालेल. आपण दहावीच्या वर्गात बसलो त्या जून महिन्यात, 1994 साली, महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांएवढा हक्क दिला. आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही, नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही नव्हतं. 2005 साली देशाचा कायदा बदलला, 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं. तरीही आपल्यातल्या किती जणींनी हक्कसोड पत्रावर सही केली, हात वर करू नका, मला माहीत आहे. मलाही बोलावलं होतं. “तुला काय कमी आहे?” असं काकांनी विचारलं. मी सही केली नाही. त्यानंतर दोन वर्षं भाऊबीज फोनवर झाली.

मी त्या जमिनीतून आजवर एक रुपया घेतलेला नाही. भाऊ कसतो, पीक त्याचं. मला ज्वारीचं एक पोतं आणि मे महिन्यात आंब्याची पेटी येते. पण नाव आहे. नाव होतं म्हणून 2012 साली मी शेतकरी म्हणून ती जमीन घेऊ शकले. सही केली असती तर ‘शेतकरी असल्याचा पुरावा काय’ हा प्रश्न मला विचारला गेला असता. आणि नाव आहे म्हणून गेल्या वर्षी भाऊच म्हणाला, “ताई, आपण दोघांनी लिहून ठेवू, एकाने दुसऱ्याला विचारल्याशिवाय विकायची नाही.” ज्या कागदाने आम्हाला दोन वर्षं लांब ठेवलं, त्यानेच आता बांधून ठेवलं आहे. ही जमीन किती टक्के देते ते मी वहीत लिहिलेलं नाही. सोडायची असेल तर जरूर सोडा, पण वाचून, समजून आणि स्वतःच्या मनाने. कोणी लाडू पुढे केला म्हणून नको.

सर, तुम्ही नववीत माझ्या गणिताच्या पेपरात बरोबर उत्तराला पाचपैकी दोन गुण दिले होते. मी भांडायला आले, तेव्हा म्हणालात, “उत्तर बरोबर आहे गं, पण पायऱ्या कुठे आहेत?” मला त्या तीन गुणांचा राग 2014 पर्यंत होता. कुंपणाबाहेर उभी राहिले त्या दिवशी गेला. जमीन घ्यायची हे आमचं उत्तर कदाचित बरोबरही असेल, पण पायऱ्या आम्ही गाळल्या होत्या.

तर मंडळी, प्लॉट बघायला कधी जायचं ते ग्रुपवर कळवा. मी येते. सातबारा मी वाचेन, डबा तुम्ही आणा. आणि ज्याने ग्रुप सोडला आहे तो मागून तिसऱ्या रांगेत बसलेला मला दिसतोय. जेवायच्या आत त्याला परत घ्या.